ग्रामीण जिल्ह्यातील गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याची गुन्हे आकडेवारी छापून आली की गावोगावचे वार्ताहर, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आम्हाला प्रश्न पाठवतात. शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुधा तेच असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे महाराष्ट्रातील आहेत. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. जिल्ह्यात वर्षभरात इतके गुन्हे 'घडले' असे छापून येते. ते खरे असते का?

तितके गुन्हे नोंदले गेले, एवढेच खरे असते. पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर मिळाली, तिच्यावरून प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) लिहिला गेला आणि त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडला, की तो गुन्हा आकड्यात येतो. घडला पण कुणी ठाण्यात गेले नाही, गेले पण लिहून घेतले नाही, किंवा घेतले पण अदखलपात्र म्हणून घेतले, तर तो या आकड्यात नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही आपल्या वार्षिक अहवालात बजावतो, की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी लिहिणाऱ्यांना आमची एकच विनंती असते: 'घडले' ऐवजी 'नोंदले गेले' लिहा. त्या एका क्रियापदाने वाचकाची अर्धी दिशाभूल टळते.

२. हे आकडे कोण गोळा करते?

पोलीस ठाण्याची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जाते. तिथून ती पुण्यातील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पोहोचते. दिल्लीचा विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला, मात्र देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. त्यात जिल्हानिहाय तक्तेही असतात. अहवाल उशिरा येतो हे लक्षात ठेवा. २०२२ चे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये आले आणि २०२३ चे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. त्यामुळे 'ताजी आकडेवारी' म्हणून जे फिरत असते, ते कोणत्या वर्षाचे आहे हे आधी पाहावे.

३. 'पुणे ग्रामीण' म्हणजे पुणे जिल्हाच ना?

नाही, आणि तुलना सर्वांत जास्त इथेच फसते. पोलीस घटकांच्या सीमा महसुली जिल्ह्याच्या सीमांशी जुळतातच असे नाही. पुणे जिल्ह्यात पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण असे तीन पोलीस घटक आहेत. शिवाय रेल्वेच्या हद्दीतले गुन्हे लोहमार्ग पोलीस वेगळे नोंदवतात.

त्यात या सीमाही हलतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी ही ठाणी पुणे ग्रामीणमधून निघाली. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी शहराकडे गेली. औद्योगिक वसाहतींची, गजबजलेली ठाणी बाहेर पडल्यावर ग्रामीणचा आकडा उतरणारच. त्याचा कायदा-सुव्यवस्था सुधारण्याशी काही संबंध नाही. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय २०२० मध्ये झाले, तेव्हा ठाणे ग्रामीण आणि पालघरच्या बाबतीत हेच घडले. पालघर जिल्हाच मुळात १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे २०१३ चा 'ठाणे' आणि २०१५ चा 'ठाणे' यांची तुलना करता येत नाही.

जुन्या तक्त्यांत धाराशिव उस्मानाबाद नावाने, छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद नावाने आणि अहिल्यानगर अहमदनगर नावाने सापडेल.

४. मारहाण झाली, ठाण्यात गेलो, तर 'एनसी' हातात दिली. ती आकड्यात धरतात का?

जिल्ह्याच्या ठळक आकड्यात धरत नाहीत. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४ लागू आहे.

गावातला बांधाचा वाद, पाण्याच्या पाळीवरून झालेली शिवीगाळ, नवऱ्याने केलेली 'साधी' मारहाण हे सारे बहुधा इथेच थांबते. म्हणून एखाद्या ठाण्याचा कल समजून घ्यायचा, तर दखलपात्र गुन्ह्यांशेजारी एनसींची संख्या ठेवून पाहावी. गुन्हे घटले आणि त्याच वर्षी एनसी भरपूर वाढल्या, तर भांडणे कमी झाली असे म्हणता येत नाही. ११२ ला केलेला फोन किंवा सायबर फसवणुकीसाठी १९३० वर दिलेली तक्रारसुद्धा आपोआप गुन्हा म्हणून मोजली जात नाही.

५. पोलिसांच्या पत्रकात 'भाग १ ते ५' आणि 'भाग ६' असे लिहिलेले असते. ते काय?

महाराष्ट्र पोलिसांची ही जुनी विभागणी आहे. भाग १ ते ५ मध्ये दंड संहितेखालचे गुन्हे येतात, म्हणजे खून, दरोडा, चोरी, दुखापत, फसवणूक वगैरे. भाग ६ मध्ये विशेष आणि स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे येतात. त्यात दारूबंदी आणि जुगार यांचा भरणा मोठा असतो.

फरक नीट लक्षात घ्या. भाग १ ते ५ मधले गुन्हे बहुतेक करून फिर्यादी येतो म्हणून नोंदले जातात. दारू-जुगाराचे गुन्हे मात्र पोलीस छापा घालतात म्हणून नोंदले जातात. हातभट्टीवर कुणी फिर्याद द्यायला येत नाही. त्यामुळे हा आकडा पोलिसांच्या कामाचा आहे, गावातल्या दारूचा नाही. दोन्ही भाग एकत्र करून 'जिल्ह्यात गुन्हेगारी वाढली' असे म्हणू नये.

६. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूचे गुन्हे इतके कसे?

बंदी असल्यामुळेच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. जिथे परवान्याचे दुकान आहे तिथे जी बाटली कायदेशीर असते, तीच बंदीच्या जिल्ह्यात नेली की गुन्हा होतो. चंद्रपूरची २०१४, २०१८ आणि २०२२ ही वर्षे एका ओळीत मांडून 'दारू वाढली की घटली' हे ठरवता येणार नाही, कारण प्रत्येक वेळी मोजले गेले ते वेगळेच. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्हीकडचे लोक हाच आकडा उचलतात. दोघांनाही आमचे सांगणे असते, की घरगुती हिंसा, अपघात, दवाखान्यातल्या नोंदी यांकडे पाहा. राज्य उत्पादन शुल्क विभाग स्वतःचे गुन्हे वेगळे नोंदवतो हेही विसरू नका.

७. एकाच घटनेत घरात घुसले, मारहाण केली, दागिने नेले आणि खूनही झाला. हे किती गुन्हे?

राष्ट्रीय तक्त्यात एक, आणि तो खुनाच्या रकान्यात. एका प्रथम खबरी अहवालात अनेक कलमे असली, तर सर्वांत कडक शिक्षेचे कलम धरून गुन्हा एकदाच मोजतात. त्यामुळे खुनाचा आकडा बऱ्यापैकी पूर्ण असतो, पण हलक्या कलमांचा आकडा प्रत्यक्ष नोंदीपेक्षा कमी दिसतो.

पीडितांची संख्याही वेगळी असते. भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी एकाच दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. गुन्ह्यांच्या रकान्यात असे प्रकरण एक असते आणि पीडितांच्या रकान्यात चार. तक्ता वाचताना आपण कोणता रकाना पाहतो आहोत, हे आधी तपासावे.

८. दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे कसे काढतात?

नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. महिलांवरील गुन्ह्यांसाठी फक्त महिलांची आणि बालकांवरील गुन्ह्यांसाठी फक्त बालकांची लोकसंख्या धरतात.

अडचण भाजकात आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून २०११ च्या जनगणनेवरून काढलेले अंदाज वापरले जातात. राज्यासाठी ते चालून जाते. पण सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. जिथे माणसे कमी होत आहेत तिथे राज्याच्या सरासरी वाढीचा दर लावला, तर गुन्ह्यांचा दर खोटा कमी निघेल. कुणी जिल्ह्याचा दर सांगितला, तर कोणती लोकसंख्या धरली हे जरूर विचारा.

आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. त्या दिवसांतल्या खिसेकापूंच्या गुन्ह्यांना कायम राहणाऱ्या रहिवाशांच्या संख्येने भागले, तर पंढरपूरकरांवर अन्याय होतो. शिर्डीचेही तसेच.

९. आमच्या तालुक्यात खून दुप्पट झाले. काळजी करावी का?

आधी मूळ संख्या पाहा. तीनाचे सहा झाले तरी ती शंभर टक्के वाढ असते. समजा साडेआठ लाख वस्तीच्या जिल्ह्यात एका वर्षी १० आणि पुढच्या वर्षी १५ खून झाले. टक्केवारीत ही ५० टक्के वाढ आहे, दर मात्र लाखामागे १.१८ वरून १.७६ वर गेला. २०२२ मध्ये देशाचा दर २.१ च्या आसपास होता. एका भाऊबंदकीच्या प्रकरणाने किंवा एकाच टोळीयुद्धाने छोट्या जिल्ह्याचे वर्ष बदलून जाते. पाच वर्षांची सरासरी काढून तिच्याशी तुलना करावी.

प्रत्येक खुनामागे एक घर उद्ध्वस्त झालेले असते, आणि ते सहा जण गावाला 'फक्त सहा' वाटू नयेत. पण कल ठरवताना सहा ही संख्या लहानच आहे.

१०. महिलांवरील गुन्हे दरवर्षी वाढताना दिसतात. जिल्हा असुरक्षित होतो आहे का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त येतो.

आधी न दिसणारी बाजू पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. इथे मदत म्हणजे माहेर, शेजार, मैत्रीण असे सारे धरले आहे. पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या त्याहून कितीतरी कमी. म्हणजे नोंद वाढायला जागा प्रचंड आहे, आणि नोंद वाढण्याचा पहिला अर्थ 'आता बायका बोलू लागल्या' असाही असू शकतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्या रुंदावली आणि अशी फिर्याद न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली. देशात २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले होते, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात पुरुष इतके बिघडले असे कुणी म्हणणार नाही. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरचा संताप, नवा कायदा, आणि आपले ऐकून घेतले जाईल ही थोडीशी आशा, या साऱ्यांमुळे नोंद वाढली.

मग वाढ चांगली की वाईट हे कसे ओळखायचे? आकडा फोडून पाहा. २०२२ मध्ये देशात महिलांवरील ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. त्यांतले ३१ टक्क्यांहून थोडे अधिक गुन्हे पती आणि सासरच्यांच्या छळाचे होते. एखाद्या जिल्ह्यात छळाची नोंद वाढली, पण विवाहितेचा मृत्यू, हुंडाबळी, आत्महत्येस प्रवृत्त करणे हे गुन्हे घटले, तर मदत वेळेवर मिळते आहे अशी शक्यता आहे. उलट छळाची नोंद नगण्य आणि विवाहितांचे अकस्मात मृत्यू मात्र दर महिन्याला, असे एखाद्या ठाण्यात दिसले, तर त्या ठाण्याच्या 'शांत' आकड्याची आम्हाला धास्ती वाटते.

आणखी एक. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखालचे अर्ज थेट दंडाधिकाऱ्यांकडे जातात. ते दिवाणी स्वरूपाचे असल्याने पोलिसांच्या आकड्यात दिसत नाहीत. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून ते आकडे मागून शेजारी ठेवा.

११. आमचे गाव तंटामुक्त आहे, वर्षभरात एकही गुन्हा नाही. हे चांगलेच ना?

कशाबद्दल बोलतो आहोत त्यावर ते अवलंबून आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. बांध, वाट, वाटणी, किरकोळ हाणामारी असे वाद गावातच मिटल्याने अनेकांची कोर्टाची वर्षे आणि पैसे वाचले, हे आम्ही मान्य करतो. पण मुलीची छेडछाड, दलित कुटुंबाला झालेली मारहाण, बलात्कार या गोष्टी समितीसमोर 'मिटवण्याच्या' नव्हेत. बक्षीस आणि नाव टिकवण्यासाठी फिर्याद द्यायला जाणाऱ्या बाईला वाटेत अडवले गेले, तर शून्य हा आकडा गावाच्या दडपणाचा पुरावा ठरतो. जात पंचायतीने टाकलेल्या वाळीताचेही असेच होते. त्यासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, तरी गुन्हे थोडेच नोंदले जातात.

शून्य दिसले की पोलीस पाटलांना आणि गावातल्या शेवटच्या वस्तीतल्या बायकांना, दोघांनाही विचारा. उत्तरे बऱ्याचदा जुळत नाहीत.

१२. दोषारोपाचे प्रमाण आणि शिक्षेचे प्रमाण यांत काय फरक?

पोलिसांनी त्या वर्षी ज्या प्रकरणांचा तपास संपवला, त्यांपैकी किती प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल केले, ते दोषारोपाचे प्रमाण. न्यायालयाने त्या वर्षी ज्या खटल्यांचा निकाल दिला, त्यांपैकी कितींत शिक्षा झाली, ते शिक्षेचे म्हणजेच दोषसिद्धीचे प्रमाण. ते नोंदलेल्या गुन्ह्यांशी काढत नाहीत. २०२३ च्या दोषसिद्धीत पाच-दहा वर्षांपूर्वीचे गुन्हेही असतात. 'यंदा शंभर गुन्हे आणि शिक्षा फक्त चौघांना' हा हिशेब म्हणूनच चुकतो.

१३. ॲट्रॉसिटीत शिक्षा फार कमी होते. म्हणजे बहुतेक केसेस खोट्या असतात ना?

नाही. हा निष्कर्ष आकड्यातून निघत नाही, आणि त्याने माणसांचे मोठे नुकसान होते.

दोषारोपपत्र दाखल करण्याजोगा पुरावा मिळाला नाही, की पोलीस न्यायालयाला अंतिम अहवाल देतात. महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद द्वेषबुद्धीने खोटी दिलेली. 'क' समरी म्हणजे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली फिर्याद किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद. 'खोट्या केसेस' म्हणायचे असेल, तर फक्त 'ब' समरी मोजावी लागेल. निर्दोष सुटका ही 'ब' समरी नव्हे.

सुटका का होते? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा लागतो. दर्जा चुकला तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. जातीचा दाखला वेळेवर जोडलेला नसतो. खटला वर्षानुवर्षे चालतो. फिर्यादी ज्याच्या शेतात मजुरीला जातो, तोच आरोपीचा चुलता असतो. पाणी, वाट, किराणा सगळे बंद झाल्यावर साक्षीदार फितूर होतात, आणि हे त्या गल्लीत राहून पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

खैरलांजीचेच पाहा (प्रश्न ७). २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा कमी केली. म्हणजे त्या कायद्याच्या दोषसिद्धीच्या रकान्यात खैरलांजी नाही. ते हत्याकांड खोटे होते असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

१४. आमची फिर्यादच घेतली नाही. आता आकड्यात यायचे कसे?

आकड्यापेक्षा तुमची फिर्याद महत्त्वाची आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले, की खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी शून्य क्रमांकाने फिर्याद घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते.

तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. 'चौकशी चालू आहे' असे उत्तर मिळाले, तर हे १४ दिवस मोजा. तरीही नोंद झाली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, पोच ठेवा, आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ठाणे अंमलदार तोंडी काहीही म्हणाला, तरी तुमचे म्हणणे कागदावर असू द्या.

१५. विहिरीवरची मोटार, केबल, शेळ्या रोज चोरीला जातात. तक्त्यात चोऱ्या कमी कशा?

एक कारण जुने आहे: तालुक्याला दोन खेटे घालून माल मिळत नाही, म्हणून शेतकरी फिर्यादच देत नाही. दुसरे कारण नवे आहे. १ जुलै २०२४ पासून पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. कोंबड्या, केबलचा तुकडा, स्प्रिंकलरच्या तोट्या असे गेले तर आता एनसी होऊ शकते, आणि ती ठळक आकड्यात येत नाही (प्रश्न ४). पूर्वी हीच चोरी जुन्या दंड संहितेच्या कलम ३७९ खाली दखलपात्र होती. २०२४ नंतर ग्रामीण भागात किरकोळ चोऱ्या घटलेल्या दिसल्या, तर आधी हा बदल आठवा. घर फोडून केलेली चोरी मात्र रक्कम कितीही असली तरी दखलपात्रच आहे.

तुमची फिर्याद लिहिली जाताना मालाची किंमत नीट नोंदवली जाते का ते पाहा. मोटारीची पावती जपून ठेवा.

महावितरणची डीपी फोडून तार किंवा तेल नेले, तर ते प्रकरण बहुधा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३६ खाली जाते. चोऱ्या मोजताना तोही रकाना पाहा.

१६. वाळूचोरी आणि जंगलातली तोड यात कुठे दिसते?

थोडी इथे, थोडी तिथे. वाळूच्या गाडीवर पोलिसांत चोरीचा गुन्हा होऊ शकतो. अनेकदा तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड लावून मोकळे होतात आणि ती नोंद महसूल विभागात राहते. वनगुन्हा वन विभाग स्वतः नोंदवतो. गडचिरोली किंवा मेळघाटसारख्या भागाचे चित्र पोलिसांच्या तक्त्यावरून काढले, तर ते अर्धवटच राहील.

१७. जिल्ह्यात अपहरणाचे इतके गुन्हे कसे? टोळी फिरते आहे का?

समाजमाध्यमांवर अफवा पसरवण्याआधी हे वाचा. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मूल बेपत्ता झाले तर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. त्यामुळे १८ वर्षांखालील कुणीही घरातून निघून गेले की अपहरणाचा गुन्हा होतो. रागावून मामाकडे गेलेला मुलगाही त्यात येतो आणि प्रेमापोटी निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगीही. मूल परत आले म्हणून आकडा वजा होत नाही. प्रौढ व्यक्ती हरवली, तर ती 'मिसिंग'मध्ये जाते आणि गुन्ह्यात मोजली जात नाही.

पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या) गुन्ह्यांच्या वाढीतही असा एक वाटा आहे. अल्पवयीन मुलगी बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात आली, तर डॉक्टरांना कळवावेच लागते. २०१७ च्या निकालानंतर १८ वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरतो. तिथे अत्याचाराचे मूळ बालविवाहात असते, आणि बालविवाहाच्या रकान्यात मात्र जवळजवळ काहीच नसते. हे दोन रकाने शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचावेत असे आम्हाला मनापासून वाटते.

१८. ऊसतोडीला गेलेल्या मजुरावर अत्याचार झाला, तर तो बीडच्या आकड्यात येतो का?

नाही. गुन्हा जिथे घडला तिथे मोजला जातो. बीडमधली कुटुंबे हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडावर, कोपीत, रस्त्यावर जे घडते ते सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावच्या हद्दीतले असते. परक्या मुलखात मुकादमाच्या उचलीत अडकलेले कुटुंब फिर्याद देण्याची शक्यता तशीही कमी, आणि गावी परतून शून्य क्रमांकाने दिली, तरी नोंद तिकडेच जाते. म्हणून स्थलांतरित बायकांवरच्या हिंसेचा हिशेब कोणत्याच जिल्ह्याच्या तक्त्यात नीट दिसत नाही.

१९. शेतकरी आत्महत्या गुन्ह्यांच्या आकडेवारीत असतात का?

नसतात. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यू व आत्महत्यांचा अहवाल वेगळा काढतो. सावकाराने किंवा आणखी कुणी प्रवृत्त केल्याचा आरोप असेल, तरच गुन्हा होतो. २०२२ च्या त्या अहवालात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्या आहेत, त्यांत ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर.

महसूल विभागाची 'पात्र' आणि 'अपात्र' यादी ही तिसरीच गोष्ट आहे. ती एक लाखाच्या मदतीसाठी आहे. कुटुंबाच्या नावावर जमीन आणि थकलेले कर्ज नसेल, तर प्रकरण अपात्र ठरते. त्यामुळे सातबाऱ्यावर काहीच नसलेला शेतमजूर त्या यादीत येत नाही. दोन आकडे जुळले नाहीत, तर कुणी लपवले असे लगेच म्हणू नका. पण शेतमजूर वगळला जातो, हे मात्र ठासून म्हणा.

२०. कोणती वर्षे तुलनेत घेऊ नयेत?

२०२० आणि २०२४. टाळेबंदीच्या २०२० मध्ये देशातील नोंदलेले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे आदेशभंगाच्या कलम १८८ चे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. त्याच वर्षी महिलांवरील गुन्ह्यांची नोंद ८ टक्क्यांनी घटली. घरात कोंडलेल्या बाईला ठाण्यापर्यंत जाता येत नव्हते. २०२४ चे पहिले सहा महिने जुन्या दंड संहितेचे आहेत, पुढचे सहा भारतीय न्याय संहितेचे. हिसकावून नेणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, पूर्वी तो चोरी किंवा जबरी चोरीत जात असे.

२१. माहिती अधिकारात नेमके काय मागावे?

पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. ठाणेनिहाय, महिनानिहाय, कलमनिहाय संख्या मागा: दखलपात्र गुन्हे, एनसी, अकस्मात मृत्यू, मिसिंग, आणि समऱ्या प्रकारवार. मागितलेल्या पाच वर्षांत ठाण्याची हद्द बदलली का, हेही विचारा.

सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकले जातात, पण लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अहवाल त्यात नसतात. संकेतस्थळावरचे अहवाल मोजून महिलांवरील गुन्ह्यांचा आकडा काढू नका.

आणि छापताना सांभाळा. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. हजार-बाराशे वस्तीच्या गावाचे नाव, महिना आणि मुलीचे वय एवढ्यावरून सारा तालुका तिला ओळखतो. अशा वेळी गावाऐवजी जिल्हा लिहा, महिन्याऐवजी वर्ष लिहा आणि वय गाळा.